तुझ्या नावाची ती बाटली

बाई, परवा तुझं तेरावं झालं. पंगत उठली, मंडप सोडणारे आले, आणि तुझ्या सुनेनं, ज्योतीनं, मला देवघराकडं बोलावून एक वही हातात दिली. निळ्या पुठ्ठ्याची, वर तुझ्या अक्षरात ‘प्रयोग’ एवढंच लिहिलेलं. "मामा, हे तुमीच पाहा," ती म्हणाली. मग तोंडाला पदर लावला आणि रडता रडता म्हणाली, "संक्रांतीनंतरची ती लघवीची बाटली माही होती. आईंनी मले शपथ घातली होती."

मला धक्का बसला असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलंय. मला माहीत होतं. पुरतं नाही, पण माहीत होतं. त्याच्याकडं येतो, जरा दम धर. तुला दम कधी धरवला नाही म्हणा.

तू असतीस तर आधी माझी भाषा तपासली असतीस. वर्गात तुझं मराठी असं, की पुण्याच्या माणसानं ऐकत राहावं. आणि वर्गाचं दार ओलांडलं की लगेच, "काय बे दिग्या, जेवला का नाई?" मला यातलं एकही धड जमत नाही, मधलंच काहीतरी लिहितोय. लाल पेन घेऊन बसू नकोस.

मोताळ्यात मी रक्त-लघवी तपासायची लॅब टाकली, तेव्हा पहिलं रक्त तुझंच घेतलं होतं, आठवतं? मी सुई धरून नुसता दंड चोळत बसलो होतो. "टोच ना बे, मी काय मरून राह्यली का?" असं म्हणून तूच बाही वर केलीस. आणि त्याच रक्तात साखर निघाली. पहिलंच गिऱ्हाईक, त्याला ही बातमी, आणि गिऱ्हाईक कोण, तर माझी सख्खी मोठी बहीण. माझ्या शिक्षणापायी जिनं स्वतःचं बी.एड. दोन वर्षं पुढं ढकललं ती. तू रिपोर्टची घडी घातलीस, पर्समध्ये टाकलीस आणि म्हणालीस, "बरं झालं, मशीन चालते तुही."

आपल्या आबांना हीच साखर होती. त्यांच्या सुजलेल्या पायांवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि किती तरी वेळ तो भरायचा नाही. ते पाय आपण दोघांनी चेपलेत. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी मी तुला लॅबमध्ये ओढून आणायचो. तू कुरकुर करायचीस, पण यायचीस.

गेल्या गणपतीत तुझ्या लघवीत प्रथिनं दिसली. लघवीत बुडवायची ती बारीक पट्टी तू शंभरदा पाहिली आहेस, पण पुन्हा सांगतो. तिच्यावर ओळीनं चौकोन असतात. प्रथिनांचा चौकोन पिवळा राहिला तर किडनी ठीक. हिरवा झाला तर किडनी गळतेय. तुझा हिरवा झाला, चांगला गडद. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. प्रेशरची, पण किडनीची गळतीही कमी करते ती. आणि त्याच आठवड्यात तुझ्या मोबाइलवर कुणीतरी ते ‘ग्रीन टी किडनी वाचवतो’ पाठवलं.

झालं! तुझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. कॅलेंडरवर फळ्यावर लिहावं तशा मोठ्या अक्षरात ‘कॅटेचिन’ लिहिलंस. भजनी मंडळाच्या बायकांना ओळीत बसवून धडा घेतलास: किडनी म्हणजे आपली चहाची गाळणी, साखरेनं तिची जाळी खराब होते, आणि हिरव्या चहातली ही द्रव्यं त्या जाळीला जपतात. काय सुंदर समजावायचीस गं तू. शेवंताकाकूंनासुद्धा कळलं, आणि त्या तर तुझ्या शाळेत खिचडी शिजवायच्या, सही करायला तूच शिकवलेली.

मी स्वयंपाकघरात येऊन भांडलो. तू स्टीलच्या गाळणीनं तो चहा गाळत होतीस, घरभर गवत उकळल्याचा वास.

"बाई, हे सगळं उंदरांवर केलेलं आहे. उंदराच्या किडनीत बरं दिसलं म्हणून माणसाच्या दिसते का? माणसांवरचं अजून काही पक्कं नाही."

"उंदीर काय अन् मानूस काय, पेशी तं पेशीच असते. नववीत शिकवलं होतं तुले."

"कपभर पी, माझं काही म्हणणं नाही. नुकसान नाही त्यात. पण त्या अर्काच्या कॅप्सूल मागवू नको, लिव्हरवर जाते ते कधीकधी. अन् गोळीच्या जागी चहा चालत नाही."

"मी कुठं म्हनलं गोळीच्या जागी?"

म्हणाली नव्हतीस खरी. पण माझ्याकडं न बघता गाळणी आपटत होतीस. आणि मी, तुझाच भाऊ, मलाही तोंड आवरेना. म्हणालो, "पुढचा रिपोर्ट वाईट आला ना, तर मनोजले पुण्याहून बोलावतो अन् तुले उचलून अकोल्याले नेतो. मंग तुहं काहीच ऐकणार नाही." तुझ्या पोराला तिथं नवीन नोकरी लागलेली, ज्योती अजून तुझ्यापाशीच, त्याला सुट्टी मागायला लावायची कल्पनासुद्धा तुला सोसत नव्हती. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर म्हणालो.

मग हिवाळा आला. गुरुवारी देवळातून तुमचं भजन लाउडस्पीकरवर यायचं, आणि लॅब झाडता झाडता मी ऐकायचो. मध्येच तुझा खोकला. कोरडा, ठसका लागल्यासारखा, एका कडव्यात दोन-दोनदा. दिवाळीनंतर तीन-चार गुरुवार ऐकला मी तो. मनात म्हटलं, जिनिंग मिलचा कापूस उडतोय, धूळ असेल. पुढं तो बंद झाला. मला वाटलं, बरं वाटलं असेल तिला.

संक्रांत झाली आणि तू आपणहून तपासायला आलीस. तिथंच मला कळायला पाहिजे होतं, आपणहून तू आयुष्यात कधी आली होतीस? पिशवीतून बाटली काढलीस, तुझ्या नावाची चिठ्ठी घरूनच चिकटवून आणलेली. रक्त मी दंडातून काढलं. साखर अडीचशेच्या घरात. मग पट्टी बुडवली. प्रथिनांचा चौकोन पिवळाधमक. अगदी नव्या पट्टीसारखा.

आणि त्याच पट्टीवर साखरेचा चौकोनही कोरा.

बाई, तीस वर्षं मी हेच काम करतोय. दर वेळी तुझ्या लघवीत साखर उतरलेली मी पाहिलेली आहे. रक्तात अडीचशे आणि लघवीत काहीच नाही? क्षणभर माझा हात थांबला. मग मीच मला समजावलं: जुन्या साखरेत असं होतं कधीकधी, किडनीचा उंबरठा वर सरकतो, साखर लघवीत उतरत नाही. होतं हे, पुस्तकात आहे. दुसरा कुणी असता तर मी म्हणालो असतो, "जरा आत जाऊन माझ्यासमोर दुसरी बाटली भरून आणा." तुला म्हणालो नाही. तू काउंटरच्या पलीकडं पर्स धरून उभी होतीस, माझ्या तोंडाकडं बघत, आणि मला तो पिवळा चौकोन इतका हवा होता, इतका हवा होता, की मी रिपोर्ट लिहून टाकला. प्रथिनं: नाहीत. खाली सही ठोकली.

"हरलो मी," म्हणालो. तू हसलीस. आता आठवतं, लगेच नाही हसलीस. आधी एकदा माझ्याकडं नीट पाहिलंस. तुला वाटलं असेल का, की हा पकडणार? का तुला हवंच होतं मी पकडावं? हे कुणाला विचारू आता मी?

त्या दिवसापासून मीही ग्रीन टी प्यायला लागलो, गाढवासारखा. येईल त्याला तुझा रिपोर्ट सांगायचो. शेवंताकाकू साखर तपासायला आल्या होत्या, त्यांनाही तुझ्यासारखीच किडनीची गोळी चालू. त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, मंग मी गोळी सोडू का?" आणि मी, एवढा शहाणा माणूस, हसून म्हणालो, "बाईलेच विचारा, त्याच आता डॉक्टर झाल्या." त्यांनी तुला विचारलं. तू म्हणालीस, "मी सोडली." त्यांनी सोडली. हे मात्र मला नंतर काकूंकडूनच कळलं.

पुढचं तुला काय सांगू. होळीच्या दिवशी चप्पल काढलीस तेव्हा पट्ट्याचा वळ पायावर तसाच राहिला. मी अंगठा दाबला आणि खड्डा भरेना. तू पाय ओढून घेतलास, "पुरन वाटायचं आहे, सोड." मी ओरडलो. तू माझ्यावर ओरडलीस. चार दिवसांनी दम लागला तेव्हा तुला गाडीत घालून अकोल्याला नेलं. तिथं आठ दिवस, आणि त्या आठ दिवसांत आपण मनातलं एक अक्षर बोललो नाही. नळ्या, सलाईन, हे आण, ते आण. एकदा तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "दिग्या, वही..." मी म्हणालो, "बोलू नको, दम लागते." बोलू द्यायला पाहिजे होतं गं तुला.

तिथल्या डॉक्टरांना मी बाहेर गाठून विचारलं, चहानं झालं का हे? ते म्हणाले, "चहानं नाही झालं. गोळी सुटली, प्रेशर वाढत राहिलं, आणि तपासणी झाली नाही. चहावर विश्वास ठेवून इतर सगळं सोडलं, त्यानं झालं." मग त्यांनी विचारलं, गोळी का सोडली होती? मला सांगता आलं नाही.

परवा वहीत वाचलं. मंडपवाले गेल्यावर मागच्या ओट्यावर बसून सगळी वाचली. माझ्या लॅबमधून ‘पोरांले दाखवायले’ म्हणून पट्ट्यांची डबी नेली होतीस, ती यासाठी होय! दर सोमवारी सकाळी पट्टी बुडवायचीस, आणि रंग नंतर बदलतो म्हणून लगेच रंगीत पेन्सिलीनं चौकोन रंगवून ठेवायचीस. एकेक पान बघत गेलो. पोपटी. पोपटी. हिरवा. हिरवा. संक्रांतीच्या सोमवारी गडद हिरवा, आणि शेजारी साखरेचा चौकोन तपकिरी. एकाही पानावर तू खोटं रंगवलं नाहीस. माझ्याशी खोटं बोललीस, वहीशी नाही. आणि दिवाळीनंतरच्या एका पानावर कडेला बारीक अक्षरात: ‘गोळीने कोरडा खोकला येतो. भजनात लाज वाटते. आजपासून गोळी बंद. फक्त चहा. पाहू.’

पाहू! मला रागच आला, बाई. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण असा राग आला की वही भिंतीवर मारावी वाटली. आणि मग ते ‘भजनात लाज वाटते’ पुन्हा वाचलं, आणि ओट्यावरच हुंदके द्यायला लागलो, म्हाताऱ्या वयात, भांडी घासणाऱ्या बायकांसमोर.

तेवढ्यात मनोज आला. त्याला ज्योतीनं सांगितलं होतं. डोळे सुजलेले त्याचे. "मामा, ती वही मले द्या. जाळून टाकतो. शाळेच्या बाया येऊन फोटोले हार घालून राह्यल्या, अन् तुम्ही सांगान आईनं दुसऱ्याची लघवी दिली? तिचं नाव राहू द्या ना."

तुझं नाव मलाही राहू द्यायचं होतं, बाई, देवाशपथ. मी वही द्यायला हात पुढंही केला. पण त्याच्या मागं, परसदाराशी, शेवंताकाकू जायला निघाल्या होत्या. चपला घालायला वाकल्या. चप्पल पायात जाईना. पावलावर पट्ट्याचा वळ, खोल, तसाच.

मी वही बगलेत मारली. मनोज दोन दिवस झाले माझ्याशी बोलत नाही.

काल दुपारी काकूंच्या घरी गेलो. ओसरीवर वर्षाचे गहू निवडत बसल्या होत्या, शेजारी स्टीलच्या पेल्यात तोच चहा. मला पाहून उठायला लागल्या, मी खाली बसवलं. चार गोष्टी इकडच्या तिकडच्या बोललो. शेवटी वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांना अक्षरं हळू लागतात, पण रंग कळतात. ते तूच शिकवलं होतंस भजनी मंडळाला, पिवळं चांगलं, हिरवं वाईट. त्यांनी गव्हाचा हात लुगड्याला पुसला आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत गेल्या.

"हे हिरवं... हेबी हिरवं... अन् हे तं लयच हिरवं. हे कोनाचं हाये, भाऊ?"

"बाईचं."

"पन बाईचं तं पिवळं आलं होतं. तुमीच सांगतलं."

मी सगळं सांगितलं. ज्योतीची बाटली, तुझा खोकला, सोडलेली गोळी. आणि मग वहीत जे नाही तेही सांगितलं, की साखरेचा चौकोन कोरा होता, मी तो पाहिला होता, आणि तरी सही केली.

त्या कितीतरी वेळ सुपातले गहू नुसते फिरवत राहिल्या. खडा काढत नव्हत्या. मग म्हणाल्या, "बाईनं काऊन केलं ते मले समजते. तिनं जल्मात कधी चूक कबूल केली? पन तुमी काऊन केलं?"

"ती मले पाह्यजे होती, काकू. अजून बरीच वर्षं पाह्यजे होती."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"अन् मी नको होती का?"

बाई, मी हात जोडले. त्यांनी ते पाहिलेसुद्धा नाहीत. पेल्यातला चहा अंगणातल्या तुळशीच्या आळ्यात ओतला, वही मिटून माझ्याकडं दिली आणि आत निघून गेल्या. मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

रात्रभर वाटत राहिलं की त्या आता कुणाकडंच तपासायला जाणार नाहीत. मास्तरीण खोटी, लॅबवाला खोटा, मग डॉक्टर तरी कशावरून खरा? एकीला तर आपण घालवलंच, आता दुसरीही चालली. हे सगळं सांगायला मी फार उशीर केला, असंच वाटत होतं.

आज सकाळी शटर वर केलं तर पायरीवर काकू. एकट्या, चप्पल हातात. मागच्या संडासात गेल्या, बाटली भरून आल्या आणि काउंटरवर माझ्यासमोर ठेवली.

"हे माहं हाये," म्हणाल्या. "माह्या पुढ्यात नाव लिवा. अन् माह्या पुढ्यात पट्टी बुडवा."

मी नाव लिहिलं. त्यांनी ते अक्षर अक्षर वाचलं. पट्टी बुडवली आणि आम्ही दोघं तिच्यावर वाकून उभे राहिलो. चौकोन हिरवा होत गेला. साखरेचाही बदलला. मी नजर काढली नाही, त्यांनीही नाही. जे दिसलं ते लिहिलं, सही केली, लॅबला कुलूप लावलं आणि त्यांना घेऊन बुलढाण्याच्या एसटीत बसलो.

डॉक्टरांनी रक्त काढलं, प्रेशर पाहिलं, आम्हा दोघांना चांगलं झापलं. म्हणाले, उशीर झालाय, पण अजून हातात आहे. गोळी पुन्हा सुरू केली. काकूंनी विचारलं, "साहेब, याच्यानं खोकला होते म्हन्तात. मंग?"

"झाला तर सांगा," ते लिहिता लिहिता म्हणाले. "बदलून देतो. दुसरी असते, तिच्यानं सहसा होत नाही."

काकू माझ्याकडं वळल्या. "बदलून भेटते?"

"हाव."

"मंग बाईले काऊन नाई सांगतलं तुमी?"

एवढं साधं होतं ते, बाई. एका चिठ्ठीचं काम. भजनातला तुझा खोकला मी ऐकला होता. चार गुरुवार, लाउडस्पीकरवर, अख्ख्या मोताळ्यासोबत. तुझं घर लॅबच्या मागच्या गल्लीत. मी झाडू ठेवून, उठून, येऊन विचारलं नाही.